चित्र नेमकं कुठे अडखळतं?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते हाताशी असेल त्या साहित्यातून विज्ञान शिकवत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून बोलायचं तर विषयही हाताशी असलेल्या यंत्राचाच हवा, असं मला वाटलं. आपल्या घरातला, शाळेतला, पतपेढीतला साधा संगणक घ्या. त्यात चित्रासाठी वेगळं कार्ड नसतं. चित्राचं काम मदरबोर्डवरची किंवा प्रोसेसरच्याच पोटातली एक सोय सांभाळते. तिला इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात. दुकानात गेलात तर ‘ऑनबोर्ड’ असं ऐकू येईल. या संगणकावर हाय डेफिनिशन व्हिडिओ लावला की कधी तो सुरेख चालतो. कधी मात्र आवाज पुढे निघून जातो, चित्र मागे राहतं, पंखा घोंघावू लागतो. असं का होतं, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रश्न लहान वाटेल. पण २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा मुलांचा फळा याच पडद्यावर आला होता. फळ्यावरचं चित्र अडलं की गणितातली पायरी हुकते, आणि हुकलेली पायरी मूल विचारत नाही. म्हणून मी हा प्रश्न लहान मानत नाही. त्यावरचं नेहमीचं उत्तर तुम्हालाही पाठ असेल: ‘संगणक जुना झाला, नवा घ्या.’ हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं, असं मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

सुरुवात आकड्यांपासून करू या. फुल एचडी फ्रेम म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल. गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल झाले. डोळ्याला उजेडातले बारकावे जितके कळतात तितके रंगातले कळत नाहीत, म्हणून व्हिडिओत रंगाची माहिती विरळ ठेवतात. तरीही एका पिक्सेलमागे सरासरी दीड बाइट लागतोच. म्हणजे एका फ्रेमला ३१ लाख बाइट, आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला ७ कोटी ७७ लाख बाइट. या हिशेबानं दोन तासांचा चित्रपट कच्च्या रूपात ठेवायला सुमारे ५६० गिगाबाइट जागा हवी. तोच चित्रपट इंटरनेटवरून सेकंदाला ५० लाख बिट या वेगानं येतो तेव्हा साडेचार गिगाबाइटमध्ये मावतो. जवळपास सव्वाशेपट आकुंचन! मग बाकीचं गेलं कुठे?

काही बारकावे खरोखरच टाकून दिलेले असतात. पण त्यातलं पुष्कळसं पुन्हा उभं करायची जबाबदारी पाहणाऱ्याच्या संगणकावर टाकलेली असते. फाइलमध्ये चित्रं नसतात, चित्रं कशी तयार करायची याच्या सूचना असतात. २००३ साली मान्य झालेलं एच.२६४ हे मानक घ्या. ते फ्रेमचे सोळा बाय सोळा पिक्सेलचे चौकोन पाडतं. फुल एचडीत असे ८१६० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनासाठी सूचना साधारण अशी असते: मागच्या अमुक फ्रेममधला, इतका डावीकडे आणि इतका वर असलेला तुकडा उचल, इथे ठेव, आणि त्यात हा एवढा फरक मिळव. कधी मागच्या आणि पुढच्या अशा दोन फ्रेममधले तुकडे घेऊन त्यांची सरासरी काढायची असते. शेवटी चौकोनांच्या कडा दिसू नयेत म्हणून त्या पुसट करायच्या.

त्या ‘फरका’पाशी मला क्षणभर थांबायचं आहे. हा फरक आकड्यांच्या जाळीऐवजी लाटांच्या बेरजेच्या रूपात लिहिला, तर फार थोड्या आकड्यांत काम भागतं. ही रीत म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. ती सुचली नासिर अहमद यांना. १९४० साली बंगळुरूत जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठात शिकवत होते. १९७२ साली या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. त्यांनी काम सोडलं नाही. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध छापून आला. आज तुमच्या मोबाइलमधला जेपीईजी फोटो, केबलवरची वाहिनी, यूट्यूबवरचं कीर्तन, सगळं याच रीतीवर किंवा तिच्या जवळच्या रूपांवर उभं आहे. तीन भारतीय नावं आहेत ही. आपल्या शाळांमधून ती सांगितली जात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता वेळेचा हिशेब. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ४० मिलिसेकंद. तेवढ्यात ८१६० चौकोन, म्हणजे एका चौकोनाला पाच मायक्रोसेकंदही मिळत नाहीत. त्यात आणखी एक अडचण आहे. एच.२६४ मध्ये या सूचना बहुधा ज्या घट्ट पद्धतीनं बांधलेल्या असतात, तिचं नाव कॅबॅक. तिच्यात पुढचा बिट वाचायला मागच्या बिटाचं उत्तर आधी लागतं. काम दहा जणांत वाटून द्यायची सोय तिथे नाही. एकानंच एकामागून एक सोडवत जायचं. फाइल जितकी जड, तितकं हे काम वाढतं. ब्लू-रे तबकडीवर व्हिडिओचा वेग सेकंदाला ४ कोटी बिटपर्यंत जाऊ शकतो, इंटरनेटवरच्या त्या चित्रपटाच्या आठपट.

मग हे काम करायचं कोणी?

प्रोसेसर करू शकतो का? करू शकतो, तो काहीही करू शकतो. २००६ साली ब्लू-रे बाजारात आलं तेव्हा चांगला दोन कोअरचा प्रोसेसरही अशा फाइलमध्ये पुरता गुंतून जाई. पण दुसरा मार्ग आहे: याच एका कामासाठी सिलिकॉनमध्ये कायमचा कोरलेला परिपथ. पेणच्या कारखान्यात तुम्ही गणपती होताना पाहिले असतील. हातानं मूर्ती घडवणारा कलाकार कुठलंही रूप घडवेल, पण त्याला वेळ लागेल. साच्यातून मात्र एकामागून एक मूर्ती निघतात, भराभर, कमी कष्टात, पण त्या एकाच रूपाच्या. पुढच्या वर्षी लोकांनी वेगळं रूप मागितलं की तो साचा कोपऱ्यात जातो. प्रोसेसर म्हणजे तो कलाकार आणि व्हिडिओ डिकोडर म्हणजे तो साचा. साच्याची ही दुसरी बाजू, कोपऱ्यात जाण्याची, लक्षात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

हा डिकोडर साध्या संगणकात आला कधी? २००५ साली इंटेलच्या ९४५ चिपसेटबरोबर जीएमए ९५० नावाचं इंटिग्रेटेड ग्राफिक्स आलं. ते लाखो संगणकांत गेलं. डीव्हीडीच्या एमपीईजी-२ ला ते थोडा हात लावत असे, एच.२६४ साठी त्यात काहीही नव्हतं. २००८ हे वळणाचं वर्ष. मार्चमध्ये एएमडीचा ७८०जी चिपसेट आला, त्याच वर्षी इंटेलचा जी४५ आणि एनव्हिडियाचा जीफोर्स ९४०० आला. तिघांतही एच.२६४ चं पूर्ण काम करणारा डिकोडर होता. जानेवारी २०१० मध्ये इंटेलनं ग्राफिक्सची चिप उचलून प्रोसेसरशेजारी एकाच आवरणात बसवली. जानेवारी २०११ मध्ये, सँडी ब्रिजमध्ये, दोन्ही एकाच सिलिकॉनवर आले. तिथून पुढे साध्यातल्या साध्या प्रोसेसरमध्येही एच.२६४ चा डिकोडर गृहीत धरता येऊ लागला.

याच काळात एक प्रयोग जणू आपल्यासाठी मांडून ठेवला गेला. २००८ च्या सुमारास छोटे, स्वस्त नेटबुक आले. त्यांत इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर होता आणि जोडीला तेच जुनं जीएमए ९५०. त्यांच्यावर फुल एचडी लावणं व्यर्थ होतं. मग एनव्हिडियानं आयन नावाची जोडणी आणली. प्रोसेसर तोच, अ‍ॅटमच. फक्त शेजारची चिप बदलली, तिच्यात डिकोडर होता. आणि फुल एचडी चालू लागलं! काही नेटबुकांसाठी ब्रॉडकॉम कंपनीचं क्रिस्टल एचडी नावाचं चिमुकलं कार्डही मिळत असे. ते आत बसवलं की त्याच मंद यंत्रावर एचडी चाले. प्रोसेसरची ताकद कुठे वाढली होती? कुठेच नाही.

अजून पटत नसेल तर रास्पबेरी पाय पाहा. २०१२ साली ३५ डॉलरला आलेली ही संगणकाची पाटी. ७०० मेगाहर्ट्झचा, एका कोअरचा प्रोसेसर; त्या वेळच्या कुठल्याही लॅपटॉपच्या तुलनेत अगदी दुबळा. तरी ती सेकंदाला ३० फ्रेमचा फुल एचडी एच.२६४ व्हिडिओ शांतपणे चालवत असे, कारण तिच्या चिपमध्ये डिकोडर होता.

आणि उलट बाजूचं उदाहरण. २००६ च्या अखेरीस एनव्हिडियाचं जीफोर्स ८८०० जीटीएक्स आलं. खेळांसाठी ते त्या काळचं सर्वांत बलाढ्य कार्ड. पण त्यात व्हिडिओचा परिपथ जुन्या पिढीचा होता, एच.२६४ चं सगळं काम तो उचलत नसे. पुढच्या वर्षी त्याच कंपनीची ८५०० आणि ८६०० ही स्वस्त कार्डं आली, आणि ती ते काम उचलत होती. ज्यानं कितीतरी जास्त पैसे मोजले त्याच्या प्रोसेसरवर भार जास्त पडला. अगदी अलीकडचंही सांगते. लग्नाचं चित्रीकरण करणारी आपली मंडळी आता दहा बिट, ४:२:२ या प्रकारात चित्रीकरण करतात. त्यात रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० च्या दुप्पट असते. एच.२६४ नंतरच्या एचईव्हीसी या मानकातला हा प्रकार इंटेलच्या अकराव्या पिढीतलं इंटिग्रेटेड ग्राफिक्स स्वतः उलगडतं. एनव्हिडियाच्या मोठमोठ्या कार्डांत ही सोय २०२५ च्या मालिकेत आली. म्हणजे मधली काही वर्षं संकलनाच्या टेबलावर, या एका कामापुरतं, प्रोसेसरमधलं फुकटचं ग्राफिक्स हजारो रुपयांच्या कार्डापेक्षा उपयोगी होतं.

तेव्हा इथवरचं एकदा एकत्र करते. व्हिडिओ चालणं हा ताकदीचा प्रश्न नाही, जुळणीचा प्रश्न आहे. फाइल ज्या कोडेकमध्ये, म्हणजे आकुंचनाच्या ज्या मानकात आहे, त्याचा डिकोडर तुमच्या चिपमध्ये आहे का? असेल, तर साधा संगणक पुरेसा आहे. नसेल, तर बराच मोठा संगणकही तापेल.

पण डिकोडर असूनही चित्र अडखळतं, असं कधी होतं का? होतं. त्याची कारणं आता पाहू.

पहिलं कारण स्मृती, म्हणजे रॅम. वेगळ्या कार्डाची स्वतःची रॅम असते. इंटिग्रेटेड ग्राफिक्स प्रोसेसरच्याच रॅमवर जगतं. आणि पडदा सतत भुकेला असतो. तुम्ही काहीही करत नसलात, तरी फुल एचडी पडदा सेकंदाला साठ वेळा नव्यानं रंगवावा लागतो. पिक्सेलमागे चार बाइट धरले तर सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइट नुसते पडद्याला पुरवायचे. त्यावर डिकोडरचं लिहिणं, मागच्या फ्रेम वाचणं, रंग बदलून पुन्हा लिहिणं. आजच्या रॅमला हे फार नाही. पण त्या नेटबुकांत एका वाटेची डीडीआर२ रॅम होती, कागदावरची तिची कमाल सेकंदाला सव्वाचारशे कोटी बाइटच्या आसपास, आणि त्यातच प्रोसेसरचाही वाटा. आजही ४के पडदा जोडलात की पडद्याची भूक चौपट होते. म्हणून माझं सांगणं असतं की आठ जीबीची एकच पट्टी घेण्याऐवजी चार-चारच्या दोन घ्या. दोन पट्ट्या दोन वाटांनी चालतात आणि रुंदी दुप्पट होते. दुकानदार एकच पट्टी लावून देतो, कारण गिऱ्हाईक फक्त ‘किती जीबी?’ एवढंच विचारतं.

दुसरं कारण जास्त दुखरं आहे. चिपमध्ये परिपथ असतो, पण त्याच्यापर्यंत काम पोचतच नाही. मध्ये ड्रायव्हर असतो, ऑपरेटिंग सिस्टिम असते, प्लेअर किंवा ब्राउझर असतो. साखळीतली एक कडी सुटली की सगळा भार पुन्हा प्रोसेसरवर येतो, आणि पडद्यावर कुठलीही सूचना येत नाही. २००८ साली इंटेलनं जीएमए ५०० हे ग्राफिक्स आणलं. त्याचा गाभा ब्रिटनच्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीकडून घेतलेला होता. एच.२६४ चा डिकोडर आत होता. पण लिनक्ससाठी धड खुला ड्रायव्हर नव्हता, आणि त्या यंत्रांच्या मालकांनी वर्षानुवर्षं हाल सोसले. इंटरनेटवरच्या व्हिडिओचं तर विचारूच नका. यूट्यूबवर १०८०पी २००९ च्या अखेरीस आलं, पण ते ज्यातून चालायचं तो फ्लॅश प्लेअर विंडोजवर एच.२६४ साठी हार्डवेअरची मदत घेऊ लागला जून २०१० मध्ये, आवृत्ती १०.१ पासून. लिनक्सवर फायरफॉक्सनं इंटेल ग्राफिक्ससाठी ही मदत आपोआप चालू ठेवली २०२३ साली, आवृत्ती ११५ मध्ये. मधल्या काळात किती संगणक ‘मंद’ ठरवून बाहेर काढले गेले असतील, विचार करा. त्यांच्या पोटात डिकोडर रिकामा बसून होता.

कधी कुलूप पैशाचं असतं. पहिल्या रास्पबेरी पायच्या चिपमध्ये एमपीईजी-२ चा डिकोडर होता, पण पेटंटचं शुल्क सगळ्यांवर लादलं तर किंमत वाढेल म्हणून तो बंद ठेवला होता. ज्याला हवा त्यानं अडीच पौंडांच्या आत किल्ली विकत घ्यायची. हा व्यवहार मला प्रामाणिक वाटतो, कारण काय बंद आहे आणि का बंद आहे हे तिथे उघड सांगितलेलं होतं. विंडोजवर एचईव्हीसीसाठी लागणारी जोडही स्टोअरमधून वेगळी विकत घ्यावी लागते, हे मात्र किती जणांना माहीत असतं?

तिसरं कारण सूक्ष्म आहे, आणि मला स्वतःला ते फार आवडतं. डिकोडर आहे, ड्रायव्हर आहे, प्रोसेसर निवांत आहे, एकही फ्रेम गळत नाही. तरी कॅमेरा सावकाश फिरला की चित्र हिसके देतं. का? कारण चित्राचा ताल आणि पडद्याचा ताल जुळत नाही. भारतात टीव्हीचं मानक सेकंदाला २५ फ्रेमचं. लॅपटॉपचा पडदा सेकंदाला साठ वेळा रंगतो. साठाला पंचविसानं भागा: दोन पूर्णांक चार. पडद्याला अर्धवट वेळा रंगता येत नाही. मग एक फ्रेम दोनदा दिसते, पुढची दोनदा, मग एक तीनदा, मग दोनदा, मग तीनदा. दूरदर्शनची जुनी मालिका लॅपटॉपवर पाहताना हलणारं दृश्य किंचित अडखळल्यासारखं वाटतं ते यामुळे. एचडीएमआय केबलनं टीव्ही जोडा, पडद्याचा वेग सेटिंगमध्ये पन्नास करा, आणि प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा दिसेल. खर्च शून्य.

याच जातीचा एक दोष इंटेलच्या ग्राफिक्समध्ये कित्येक वर्षं होता. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचं मानक ठरवताना, रंगाचा संकेत आवाजाच्या संकेतात मिसळू नये म्हणून वेग मूळच्या हजार भागिले एक हजार एक पट केला गेला. त्यामुळे तिथल्या व्हिडिओत चित्रपटाच्या २४ फ्रेम खरं तर २३.९७६ असतात. सँडी ब्रिजपर्यंतचं इंटेल ग्राफिक्स टीव्हीला नेमके २४ चा वेग देई. फरक किती? सेकंदाला एका फ्रेमचा चाळिसावा भाग. पण तो साठत जातो, आणि दर चाळीस-बेचाळीस सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, एक हिसका बसतो. चित्रपटांचे दर्दी त्यानं हैराण झाले. २०१३ च्या चौथ्या पिढीत हा हिशेब नीट बसला. साठेक वर्षं आधी एका देशानं आवाज आणि रंग यांच्यात केलेली तडजोड, ती पुढच्या शतकातल्या चिपमध्ये येऊन खटकली.

आणि आता मूळ मुद्द्याकडे येते, त्या साच्याच्या दुसऱ्या बाजूकडे.

कोडेक बदलत राहतात. एच.२६४ नंतर २०१३ साली एचईव्हीसी आणि गूगलचं व्हीपी९, २०१८ साली एव्ही१. बदलण्यामागे खरं कारण आहे, ते मी नाकारत नाही. नवा कोडेक तेच चित्र बऱ्याच कमी बिटांत पाठवतो. डेटा मोजून वापरणाऱ्या माणसाला त्याचा फायदा होतो, व्हिडिओ पुरवणाऱ्या कंपन्यांची बँडविड्थ वाचते. एचईव्हीसीची पेटंटं वेगवेगळ्या गटांकडे विखुरलेली होती, त्या गोंधळातून सुटण्यासाठी खुल्या कोडेकची गरजही होती. पण प्रत्येक नवा कोडेक म्हणजे नवा साचा. इंटेलमध्ये व्हीपी९ चा पूर्ण डिकोडर आला सातव्या पिढीत, २०१६-१७ च्या सुमारास. एव्ही१ चा आला २०२० साली. अ‍ॅपलच्या संगणकांत एव्ही१ चा डिकोडर २०२३ च्या एम३ चिपपासून. मग २०१२ च्या संगणकाचं काय? त्यात एच.२६४ चा उत्तम डिकोडर आहे. काल तो चालत होता. आज संकेतस्थळानं त्याला व्हीपी९ पाठवलं आणि तो तापू लागला. संगणकात काय बिघडलं? काहीही नाही. बदल पलीकडच्या टोकाला झाला, आणि दोष मात्र या टोकाच्या यंत्राला चिकटला.

मी एका शाळेच्या संगणक कक्षात हे पाहिलं आहे. दोन कोअरच्या, इंटेलच्या तिसऱ्या पिढीतल्या प्रोसेसरचे संगणक. व्हिडिओ पाठ अडखळतात म्हणून ते निर्लेखित करायचा ठराव झालेला. आम्ही यूट्यूबवरच्या त्या व्हिडिओवर उजवं बटण दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं. कोडेकच्या ओळीत व्हीपी०९ असं होतं, गळलेल्या फ्रेमचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. ब्राउझरमध्ये एच.२६४ चीच मागणी करणारी एक छोटी जोड बसवली, पान पुन्हा उघडलं. त्या ओळीत एव्हीसी१, म्हणजे एच.२६४, आलं, आकडा थांबला, पंखा शांत झाला. यंत्रं तीच होती. तो ठराव मागे घेतला गेला आणि ते संगणक कक्षातच राहिले.

तुम्हीही घरी गेल्यावर हे पाहू शकता. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख असतो. व्हिडिओ चालू असताना तो हलत असेल तर डिकोडर काम करतो आहे. तो सपाट असेल आणि प्रोसेसरचा आलेख वर चढला असेल, तर जुळणी चुकली आहे.

पण हे प्रत्येक पालकानं, प्रत्येक शिक्षकानं करत बसायचं का? माझा आक्षेप इथे आहे. ब्राउझर संकेतस्थळाला आधीच सांगू शकतो की अमुक कोडेक या यंत्रावर सुरळीत चालेल का, कमी विजेत चालेल का. विचारायची सोय आहे. मग विचारा, आणि उत्तर येईल तसं पाठवा! ज्याच्याकडे नवा डिकोडर आहे त्याला नवा कोडेक द्या. ज्याच्याकडे नाही, त्याला एच.२६४ द्या. दोन प्रती ठेवायचा खर्च पुरवणाऱ्याचा असतो आणि नवा संगणक घ्यायचा खर्च पाहणाऱ्याचा. यातला कोणता खर्च कोणाला झेपेल, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

आणि ‘नवं घेतलं की सगळं चालेल’ हेही खरं नाही. ४के ब्लू-रे तबकड्या संगणकावर अधिकृतपणे पाहायच्या तर इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सुरक्षेची सोय लागे. घरगुती प्रोसेसरांतून इंटेलनं ती अकराव्या-बाराव्या पिढीपासून काढून टाकली. म्हणजे आधीचा संगणक ती तबकडी चालवत असे, नवा नाही. २०२३ ची रास्पबेरी पाय ५ पाहा. तिच्यात एचईव्हीसीचा डिकोडर आहे, पण एच.२६४ चा परिपथ वगळला आहे. प्रोसेसर आता पुरेसा बलवान आहे, तो सांभाळून घेईल, असा त्यामागचा हिशेब. आणि तो सांभाळतोही. पण पिढी पुढची म्हणून मागचं सगळं तिच्यात असेलच, असं समजू नका.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला. आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल संगणक विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. येत्या काळात असे संगणक आपल्या शाळा-कार्यालयांतून बाहेर पडताना तुम्हाला दिसतील. त्यांतल्या २०११ नंतरच्या जवळजवळ प्रत्येकात एच.२६४ चा डिकोडर आहे. लिनक्स घालून, दुसरी रॅमची पट्टी लावून ते वाचनालयात, अभ्यासिकेत, पाड्यावरच्या शाळेत पाठ दाखवू शकतील, पण पाठ एच.२६४ मध्ये मिळाले तरच. म्हणून या सभागृहात जे महाविद्यालयांत, नाट्यसंस्थांत, ग्रंथालयांत काम करतात आणि ध्वनिचित्रफिती लोकांसाठी खुल्या करतात, त्यांच्याकडे माझं नेमकं मागणं आहे. लोकांना द्यायच्या प्रतींत एक प्रत एच.२६४ ची ठेवा: आठ बिट, ४:२:०, फुल एचडी किंवा ७२०पी. दहा बिटांचा एच.२६४ देऊ नका; नाव तेच असलं तरी साध्या संगणकांतले बहुतेक डिकोडर तो उलगडत नाहीत. त्याच्या शेजारी नव्या कोडेकची प्रत खुशाल ठेवा.

जुन्या टेपवरच्या मैफली आणि नाटकं उतरवत असाल, तर आणखी एक. त्या टेपवर सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं असतात, आणि प्रत्येक अर्ध्या चित्राचा क्षण वेगळा असतो. याला इंटरलेस्ड चित्र म्हणतात. ती जोडून २५ फ्रेम केल्या तर निम्म्या हालचाली जातात. तबल्यावरची बोटं धूसर होतात. नीट डीइंटरलेस करून, म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्राची पूर्ण फ्रेम करून, सेकंदाला ५० फ्रेमची प्रत काढा. ७२० बाय ५७६ च्या त्या चित्राला ५० फ्रेमनं गुणलं तरी २५ फ्रेमच्या फुल एचडीच्या निम्म्याहून कमी पिक्सेल होतात, साध्या संगणकाला ते जड नाही. आणि टेपवरून उतरवलेली मूळ इंटरलेस्ड प्रत पुसू नका. डीइंटरलेसिंगच्या पद्धती सुधारत आहेत, आणि लोकांसाठीची प्रत पुन्हा काढायची वेळ आली तर तिच्यावरूनच काढावी लागेल.